बियाण्याचे शिंगाडे

त्या साली आमच्या घरांच्या ओळीत सगळ्यांच्या आधी पाणी मिळायचं ते एका मडक्याला. त्याच्यानंतर लेकरं, मग मोठी माणसं, आणि गडूच्या बुडाशी काही राहिलंच तर शेळी. हे मडकं आमच्या घरात होतं. चुलीपासून लांब, मागच्या कुडाशी, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं, तोंडावर ओलं गोणपाट. आत शिंगाडे होते. खायचे नाहीत, बियाण्याचे. काळे कुळकुळीत, दोन्ही बाजूंनी शिंगं काढलेले, आणि वास असा की तलावाचा सगळा गाळ आमच्याकडे पाहुणा येऊन राहिला आहे. माझं अंथरूण त्याच कोपऱ्यात. सवतीवर जळणाऱ्या बाया मी पुढे पुष्कळ पाहिल्या, पण शिंगाड्यांवर जळणारी पोरगी मी एकटीच असेन. आजी त्यांना माझ्याआधी पाणी द्यायची, माझ्याआधी पांघरूण घालायची, आणि सकाळी उठल्यावर पहिली चौकशी त्यांचीच. माझं नाव फुला. घरात फुली. वय असेल अकराच्या आसपास. नाकाला शेंबूड, डोक्यात उवा, आणि अक्कल म्हणाल तर उवांना जास्त असावी.

आम्ही ढिवर, तलावावर जगणारी माणसं. आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून बसलेलं, आणि गावाच्या शेपटाशी ढिवरांची ओळ. पावसाळ्यात मासोळी, दसऱ्यापासून पुढे शिंगाडा, उन्हाळ्यात मोहफुलं. शेत कुणालाच नव्हतं आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं, कारण धानवाले धान पिकवायचे आणि आमच्या बाया टोपल्यात मासोळी घेऊन त्यांच्या दारी जायच्या. मासोळी द्यायची, धान घ्यायचं. शिंगाडे द्यायचे, धान घ्यायचं. मायच्या टोपल्याचा वास पाहून गावातली कुत्री तिच्यामागे वरातीसारखी चालत. मग पाऊस रुसला. पहिल्या वर्षी धान निसवताना करपलं, दुसऱ्या वर्षी रोपांचा रोवणाच झाला नाही. धानवाल्यांच्या कोठ्या रिकाम्या झाल्या तशा आमच्या टोपल्याला कुणी हाक मारेना. तलावात थोडी मासोळी तेव्हाही होती, पण तिच्या बदल्यात द्यायला कुणाकडे काही नव्हतं. माय सकाळी टोपलं भरून जायची आणि दुपारी तेच टोपलं घेऊन परत यायची. त्या दिवसांत आम्ही मासोळी इतकी खाल्ली की तिची शिसारी आली, आणि थोड्याच महिन्यांनी तलाव आटला तेव्हा तिच्या नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटायचं.

तलाव आटला तसे आवाज गेले. हे मला फार नीट आठवतं. पहिल्यांदा बेडूक गेले. मग बगळे. मग ओळीतल्या ढेकी थांबल्या. धानच नाही तर कांडणार काय? आधी पहाटेपासून धप्प धप्प चालायची आणि मी अंथरुणात आजीला म्हणायची, त्या भागाबाईची ढेकी बंद कर ना, मला झोप येते. आता पहाटे इतकं शांत असायचं की झोप मोडायची. माय कण्या शिजवायची, त्यात पाणी जास्त आणि कण्या मोजक्या. एका बाजूनं फुंकर घातली की पेजेतल्या कण्या दुसऱ्या बाजूला पळायच्या. मी आणि धाकटी सोनी त्यांच्यामागे बोटं घेऊन. मागल्या साली वाळवलेली मोहफुलं होती, ती उकडून खायची. पहिल्या दिवशी गोड लागतात, आठव्या दिवशी पोटात ढवळतं. बा आणि माय सकाळीच कांदे खणायला जंगलात निघून जायचे. जंगलातला कांदा म्हणजे रानातला कंद, कडू असतो, तो रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, आणि वाहतं पाणी कुठे होतं? मग तो राखेत घोळवून खायचा. तोंड असं आखडायचं की बोलणं बंद. माय म्हणायची, बरं झालं, फुलीची बडबड थांबवायला दुष्काळच पाहिजे होता.

आता बियाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धानाचं बियाणं कोरडं ठेवलं की टिकतं. शिंगाड्याचं उलट. तो कोरडा पडला की मेला. चांगले पिकलेले, पाण्यात तळाशी बसणारे शिंगाडे निवडून मडक्यात पाण्याखाली ठेवायचे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, आणि पावसाळा आला की तलावात लावायचे. ते काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं. इतर सालांत घरोघरी मडकं असायचं. त्या साली एवढ्या मडक्यांना पाणी आणायचं कुठून? तलावाच्या मधोमध खड्डा खणून झिरा काढलेला होता, त्यात वाटीवाटीनं पाणी जमायचं आणि बाया काठावर ओळीनं बसून राहायच्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की साऱ्या ओळीचं बियाणं एकाच मडक्यात ठेवायचं आणि त्याला पाणी प्रत्येक घरानं पाळीपाळीनं द्यायचं. मडकं कुणाकडे, यावर वादही झाला नाही. आमच्या आजीच्या हातचं बियाणं कधी मेलं नव्हतं. एकेक घर येऊन आपली ओंजळ त्या मडक्यात सोडून गेलं. आजी प्रत्येकाला म्हणाली, "मोजू नको. टाक आन जाय."

माझं लक्ष मात्र भलतीकडेच लागलेलं. आलापल्लीहून आलेला एक माणूस ओळीत सांगून गेला होता की तिकडे सागवानाच्या जंगलात कूप निघाले आहेत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेले जंगलाचे तुकडे, आणि तिथे हाताला काम आणि पोटाला तांदूळ मिळतो. मोठ्या माणसांनी तांदूळ ऐकला. मी दुसरंच ऐकलं. तो म्हणाला होता, तिथे सरकारी हत्ती आहेत, सागवानाचे ओंडके सोंडेनं उचलून रचतात, आणि एकेकाची भाकर सुपाएवढी असते. सुपाएवढी भाकर! मी ती रात्रंदिवस डोळ्यांपुढे पाहत होते. आधी भाकर दिसायची, मग तिच्यामागे हत्ती. आजपर्यंत मी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर रंगवलेला हत्ती तेवढा पाहिला होता, आणि त्याची सोंड पावसानं धुऊन गेली होती.

माघाच्या शेवटी ओळीनं निघायचं ठरलं. चार मुक्कामांची वाट. आमच्या घरी प्रश्न आजीचा. तिचे गुडघे गेले होते, झिऱ्यापर्यंत जायची तर बूड टेकत टेकत. बा म्हणाला, कावडीत बसवून नेतो, एका पारड्यात तू, एका पारड्यात भांडी. आजी हसली. मला न्यायला हरकत नाही, म्हणाली, पण मडकं कोण नेणार? बा म्हणाला, ओल्या पोत्यात बांधून घेऊ. त्यावर ती जे म्हणाली ते माझ्या टाळक्यात खिळ्यासारखं बसलं. "चार दिवस उन्हात नेशीन त शिजून जाईन सारं. शिजलं का मेलं. मी इथीच राह्यतो, माया जवर फुलीले ठेवा." झालं. म्हातारी, मडकं आणि मी. ओळीतली आणखी दोन-तीन म्हातारी माणसं राहणार होतीच. बाकी सगळे हत्ती पाहायला. मी दोन दिवस रडले, जेवले नाही, म्हणजे जे नव्हतं ते जेवले नाही. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रडणं थांबवून मी विचार करायला बसले, आणि मी विचार करायला बसले की घरात काहीतरी फुटायचंच. माझा हिशोब सरळ होता. आजी राहते कारण मडकं आहे. मी राहते कारण आजी आहे. मडकं नसेल तर बा आजीला कावडीत घालेल, मी मागे चालेन, आणि चौथ्या दिवशी हत्ती. आजीला सोडून जायचा विचारही माझ्या मनात नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. उलट मला वाटत होतं, मी आजीवर उपकारच करते आहे. साऱ्या ओळीचं पुढचं वर्ष त्या मडक्यात पडलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण पुढचं वर्ष फार लांब होतं आणि हत्ती चार मुक्कामांवर.

दुपारची वेळ. बा, माय आणि सोनी जंगलात. आजी दाराजवळच्या सावलीत लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन झोपलेली. त्या दिवशी मडक्याचं पाणी बदलायचं होतं, पाळीचं घागरभर पाणी येऊन पडलेलं. मी चूल पेटवली, ते सगळं पाणी चुलीवरच्या गंजात ओतून खळखळ उकळलं, मडक्यातलं जुनं पाणी वाटीनं उपसून शेळीला पाजलं, आणि ते उकळतं पाणी आत ओतलं. वर गोणपाट झाकलं. माझ्या कल्पनेप्रमाणे एवढ्यानं शिंगाडे गुपचूप मरायला हवे होते, आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना वाटलं असतं की यंदाचं बियाणंच वाईट. पण एक गोष्ट माझ्या हिशोबातून सुटली होती. गरम पाण्यातल्या शिंगाड्याला वास सुटतो. आधी चिखलाचा, आणि मग हळूहळू तो गोड, पिठाळ, दिवाळीनंतरच्या बाजारात मोठ्या कढईतून येतो तसला वास. तो गोणपाटातून वर आला आणि घरभर पसरला. महिन्याभरात आमच्या घरात अन्नाचा असा वास आला नव्हता. मी काय केलं असेल? मला पळून जायला हवं होतं. मी गोणपाट उचललं, हात भाजत दोन शिंगाडे काढले, दगडानं फोडले आणि उकिडवी बसून खाल्ले. अर्धवट शिजलेले होते, मध्ये कच्च. मग आणखी दोन खाल्ले.

"कोन शिंगाडे शिजवून राह्यलं वो?" दारातून आवाज आला.

मी तोंडातलं गिळून म्हणाले, "कोनी नाई. तुले सपनात वास आला असन."

आजीनं तोंडावरचा पदर काढला. उठून बसली. मग बूड टेकत टेकत आत आली, मडक्याजवळ थांबली, गोणपाटावर हात ठेवला. हात ठेवल्या ठेवल्या तिनं तो काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीला शिंगाड्याचं पीठ लागलेलं होतं, हे मला नंतर कळलं. मी मार खायला तयार होऊन डोळे मिटले. मार आला नाही. डोळे उघडले तेव्हा ती मडक्यात हात घालून एकेक शिंगाडा बाहेर काढून चाचपत होती, अंगठ्यानं दाबत होती, आणि बाजूला ठेवत होती. तळापर्यंत गेली. एकही परत आत टाकला नाही. मग तिनं मला गंज आणायला सांगितलं. त्यात सगळे शिंगाडे भरले, मीठ घातलं, आणि चुलीवर ठेवून पुरते शिजवले. माझ्याकडून फुंकणी घेताना म्हणाली, "कोनी इचारलं त तू झोपली होतीस." एवढंच.

सांजच्याला बा, माय आणि सोनी परत आले. दारातच वासानं थबकले. आजीनं पळसाच्या पानांवर शिंगाडे वाढून ठेवले होते. सोनी धावतच बसली. बानं कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिलं, रिकामं, गोणपाट शेजारी घडी केलेलं, आणि मग आपल्या मायकडे.

"माय, हे काय वो?"

"भूक लागली होती," आजी म्हणाली. "मीच शिजवले. या, खा आता. थंडे झाले का गोड लागत नाई."

बा उभाच राहिला. मायनं कपाळाला हात लावला आणि तशीच खाली बसली. मी? मी खाल्ले. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण खोटं लिहून काय उपयोग. पोटभर खाल्ले, सोनीच्या पानातलेही उचलले. ते त्या अख्ख्या दुष्काळातलं माझं सगळ्यात चांगलं जेवण होतं. बा बाहेर पडला आणि पाळीवर जाऊन बसला, त्यानं एकही शिंगाडा तोंडात घातला नाही. तोवर वास ओळीभर गेला होता. माणसं येऊन दारात उभी राहिली. ओळीतले सगळ्यात जाणते दसरूभाऊ आत आले, खाली बसून मडक्यात हात घालून तळ चाचपला, जणू एखादा राहिला असेल. मग हात धोतराला पुसला. "साऱ्या ओळीचं होतं, बाई," ते म्हणाले. फार हळू म्हणाले. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान हलवली, हो, होतं. बाहेर भागाबाई मोठ्यानं रडत होती. तिचा माणूस तापानं गेला त्या दिवशीही तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं.

माझा हिशोब पुरा झाला. चार दिवसांनी ओळ निघाली. बाच्या कावडीत एका पारड्यात आजी, दुसऱ्यात भांडी, आणि वजन सारखं व्हावं म्हणून भांड्यांवर सोनी. कावड लवलवायची तशी आजी वर-खाली व्हायची आणि म्हणायची, लगनात पालखी नाही मिळाली, ती आता मिळाली. कुणी हसलं नाही. आधी आजी काही बोलली की ओळ पोट धरून हसायची. आता मुक्कामाला चुली पेटल्या की बाया पदराआड करून पेज शिजवत आणि भागाबाई ऐकू जाईल असं म्हणे, "झाका वो बायांनो, झाका, बुढी बसली हाय." पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "तुया चुलीवर हाय काय झाकाले?" दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. बा तिला सकाळी पारड्यात बसवायचा, संध्याकाळी उतरवायचा, पाणी द्यायचा, तिचे पाय दाबायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. मी कावडीच्या मागे चालत असायची आणि मला आजीची पाठ दिसायची. मांस झडलेली, लुगड्यातून हाडं वर आलेली पाठ. मी हत्तीचा विचार करायचा प्रयत्न करायची.

हत्ती पाहिला. पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मायसोबत नाल्यावर पाणी आणायला गेले तेव्हा. एका झाडाला साखळीनं बांधलेला, पुढच्या पायाला साखळीची जखम, तिच्यावर माश्या. तो बांबूचा पाला खात होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. सुपाएवढी भाकर दिसली नाही, तिची वेळ वेगळी असेल. मी घागर खाली ठेवून पाहत उभी राहिले, आणि थोड्या वेळानं, खरं सांगते, मला भूक लागली. बस. एवढ्यासाठी. आजकाल माझी नात मोबाईलवर मला हत्तींचे व्हिडिओ दाखवते, आजी बघ ना किती क्यूट. मी म्हणते, हो ग बाई, आणि चष्मा पुसायला काढते.

त्या दिवशी मी झोपडीत परत आले तर आजी पाल्याच्या अंथरुणावर बसून तांदळातले खडे वेचत होती. तांदूळ मिळत होता, हे खरं. बा आणि इतर पुरुष कुऱ्हाड चालवत, बाया फांद्या ओढत. दिवसभर जंगलात कुऱ्हाडींचे आवाज, आणि मध्येच एक मोठं झाड कोसळायचं तेव्हा आधी कडकड, मग क्षणभर काहीच नाही, मग जमीन हलायची. आजीनं मान वर न करता विचारलं, "पाह्यला का हत्ती?"

"हो."

"कसा हाय?"

"मोठा हाय."

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. मी हत्तीसाठी केलं हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं सांगितलं.

चैत्रात हिवताप आला. प्रत्येक झोपडीत कुणी ना कुणी थरथरत पडलेलं. आजीला एक दिवसाआड यायचा. ज्या दिवशी नसायचा त्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन माझ्या उवा काढायची. तशाच एका दिवशी मी म्हणाले, "आजी, बाले सांगू काय?" तिनं विचारलं, काय सांगशील? मी म्हणाले, शिंगाडे मी. तिनं माझे केस इतक्या जोरात ओढले की डोळ्यांत पाणी आलं. "चूप बस. तुयं लगन व्हायचं हाय. बियानं मारनाऱ्या पोरीले कोनता ढिवर घरात घेईन? मायं काय, मले आता कोन मागाले येनार हाय?" आणि उरलेल्या दोन दातांनी हसली. मलाही हसू आलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसले, इतकी हलकी झाले होते. किती वर्षं मला वाटत होतं, ही नुसती माया होती. आता स्वतः आजी झाल्यावर तेवढी खात्री राहिली नाही. सांगितलं असतं तर मार खाऊन मी सुटले असते, आणि आठवड्याभरात विसरलेही असते. म्हातारीला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मागे नातीनं माझ्या मुलाचा मोबाईल पाडला, तेव्हा मीही मोठा आव आणून म्हणाले, माझ्या हातून पडला. मुलानं तासभर तोंड फुगवलं, आणि माझ्यानं काही ते सहन होईना, मी जाऊन खरं सांगून आले. एक तास. मी काही त्या मातीची नाही.

वैशाखात ती गेली. ताप उतरला होता, पेज मागितली, माय पेज करेपर्यंत गेली. नाल्याच्या काठी नेलं. दसरूभाऊंनी खांदा दिला, ओळीतले आणखी तिघं आले. भागाबाई आपल्या झोपडीच्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही. बा रडला नाही. कुऱ्हाड घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेला, आणि त्या दिवशी त्यानं इतकं तोडलं की मुकादमानं येऊन त्याला थांबवलं, असं माय सांगायची.

त्या साली पाऊस आला. भरपूर आला. बा पायी गावी गेला, तलाव भरलेला पाहिला, मग आजूबाजूचे आठ-दहा तलाव पायांखाली घातले, कुणाकडे ओंजळभर बियाणं मिळतं का पाहायला. सगळीकडचे तलाव आटलेले होते, सगळ्यांनी खाऊन टाकलेलं किंवा वाळलेलं. मासोळीचं बीजही नवं धरायला वर्षं लागणार. पाळीवर दोन दिवस बसून तो परत आला आणि मायला म्हणाला, तिथं आता पाणीच आहे नुसतं. आमची ओळ पुन्हा एका जागी आली नाही. काही जण गोदावरीवर सिरोंच्याकडे गेले, काही चांद्याला कोळशाच्या खाणीत, भागाबाई कुठे गेली ते कळलंच नाही. दसरूभाऊ एकटे गावी परतले. आम्ही आलापल्लीलाच राहिलो. बा पाण्याचा माणूस, पण मरेपर्यंत लाकडं तोडली. माझं लग्न झालं, चांगल्या घरी झालं, ढिवरांच्याच. सासूनं विचारलं होतं, तुमच्यापैकी बियाणं शिजवून खाल्लं ती कोण? माय म्हणाली, हिची आजी. सासू म्हणाली, म्हातारपणी होतं असं कुणाकुणाचं.

माय गेल्यावर बा माझ्याकडेच राहायला आला. माझ्या लेकरांना तो ती गोष्ट सांगायचा, माया मायनं बियानं शिजवलं म्हणून आपण ढिवर जंगलात आलो, आणि आजीच्या आवाजात म्हणायचा, भूक लागली होती. लेकरं हसायची. मी तिथेच भाजी निवडत असायची. पितरपाखात तो आपल्या बापाच्या नावानं पान ठेवायचा, आज्याच्या नावानं ठेवायचा. आजीच्या नावानं कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, तिनं आपला वाटा जितेपणीच खाल्ला.

त्याच्या शेवटच्या पितरपाखात त्याला दिसत नव्हतं फारसं, मी वाढून दिलं आणि त्यानं हातानं चाचपत दोन पानं लावली. मग हात तसाच भातावर ठेवून बसून राहिला. मला वाटलं चक्कर आली.

"फुले," तो म्हणाला, "बुढीचंही एक ठेवू काय वो? उपाशी होती ना ती. भुकेनं मानूस काय नाई करत. मी उगाच इतके वर्स धरून बसलो."

मी समोर उभी होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न होऊन गेलेलं, लेकरं मोठी झालेली, मला आता कुणाच्या घरी जायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत बा आपल्या मायला माफ करत होता, तिनं न केलेल्या गोष्टीसाठी, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा मी लहानपणापासून पाहिला नव्हता.

"ठेव ना, बा," मी म्हणाले. आणि पळसाचं आणखी एक पान धुऊन त्याच्या हातात दिलं.